माल दिसत नाही, कर मात्र लागतो

समजा, नाशिकमधील एका तरुणाने किराणा दुकानदारांचा हिशेब ठेवणारी संगणकप्रणाली तयार केली. आरंभी तो ती सीडीवर उतरवून दुकानदारांना विकत असे. पुढे काळ बदलला. आता दुकानदार दरमहा एक हजार रुपये वर्गणी भरतो, इंटरनेटवरून त्या तरुणाच्या संकेतस्थळावर जातो, दिवसभराच्या जमाखर्चाची नोंद करतो आणि बाहेर पडतो. काम तेच आहे आणि ग्राहकही तेच आहेत. परंतु हातात देण्याजोगी चकती गेली आणि तिच्यासोबतचे खोकेही गेले. मग या व्यवहारात विक्री झाली काय? झाली असेल, तर तिच्यावर विक्रीकर द्यावा लागतो काय? आणि विक्री झालीच नसेल, तर कराचा प्रश्नच उद्भवत नाही, असे मानून त्या तरुणाने निर्धास्त राहावे काय?

इंटरनेटच्या आधारे व्यवसाय करणाऱ्या असंख्य लहान उद्योजकांना हा प्रश्न पडतो. संकेतस्थळे तयार करणारे, ऑनलाइन शिकवण्या घेणारे, माहितीचा साठा भाड्याने देणारे, जाहिराती करून देणारे असे सारेच या प्रश्नापाशी येऊन थबकतात. त्याचे थोडक्यात उत्तर असे : जुन्या अर्थाचा विक्रीकर या सेवांना लागत नाही, परंतु त्यामुळे त्या करमुक्त ठरत नाहीत. १ जुलै २०१७ पासून त्या वस्तू व सेवा कराच्या म्हणजे जीएसटीच्या कक्षेत आहेत. मात्र हे उत्तर नीट समजून घ्यायचे, तर विक्रीकर हा मुळात कशावरचा कर होता, येथपासून सुरुवात करावी लागते.

विक्रीकराचा पाया

आपल्याकडे विक्रीकराचा आरंभ स्वातंत्र्यापूर्वी झाला. मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारने १९३८ मध्ये मोटारीच्या इंधनाच्या किरकोळ विक्रीवर कर बसविला. प्रांताला असा कर घेण्याचा अधिकार आहे काय, हा वाद तत्कालीन फेडरल कोर्टापर्यंत गेला आणि कोर्टाने प्रांताचा अधिकार मान्य केला. १९३९ मध्ये मद्रास प्रांताने सर्वसाधारण विक्रीकर आणला. मुंबई प्रांतात तो १९४६ मध्ये आला. पुढे राज्यघटनेने, वृत्तपत्रे वगळता अन्य मालाच्या विक्रीवर कर बसविण्याचा अधिकार राज्यांना दिला. सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत ५४ व्या क्रमांकावर ही नोंद होती.

या नोंदीतील कळीचा शब्द आहे ‘माल’. माल असला पाहिजे, त्याची मालकी एकाकडून दुसऱ्याकडे गेली पाहिजे आणि त्याबद्दल मोबदला मिळाला पाहिजे. यांपैकी एकही गोष्ट नसेल, तर विक्रीकर नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये गॅनन डंकर्ली या कंपनीच्या खटल्यात हे तत्त्व स्पष्ट केले. इमारत बांधून देण्याच्या अखंड कंत्राटात विटा, सिमेंट, लोखंड वापरले जात असले, तरी ती या मालाची विक्री नव्हे. आणि जी विक्री नाही तिला कायद्याने विक्री म्हणून राज्यांना कर घेता येणार नाही, असा तो निर्णय होता. त्यावर उपाय म्हणून १९८२ मध्ये ४६ वी घटनादुरुस्ती झाली. कंत्राटातील माल, हप्तेबंदीने दिलेला माल, माल वापरण्याच्या हक्काचे हस्तांतरण, उपाहारगृहातील खाद्यपदार्थ अशा काही व्यवहारांना ‘विक्री’ मानण्याची सोय तिने केली. पण या प्रत्येक प्रकारात ‘माल’ हा असावाच लागतो, ही अट कायम राहिली.

दुसरीकडे केंद्र सरकारने १ जुलै १९९४ पासून सेवाकर सुरू केला. आरंभी तो दूरध्वनी, सर्वसाधारण विमा आणि शेअर दलाल या तीनच सेवांवर होता व त्याचा दर ५ टक्के होता. अशा रीतीने कराच्या अंगणात एक भिंत उभी राहिली. भिंतीच्या एका बाजूस माल आणि राज्य सरकार. दुसऱ्या बाजूस सेवा आणि केंद्र सरकार. धान्याचे पोते कोणत्या बाजूला आणि वकिलाचा सल्ला कोणत्या बाजूला, हे सांगण्यास कायदेपंडिताची गरज नव्हती. ही गरज संगणकाने निर्माण केली.

सॉफ्टवेअर : माल की सेवा?

संगणकप्रणाली ही बुद्धीची निर्मिती आहे. तिला वजन नाही, आकार नाही. आंध्र प्रदेश सरकारने तयार सॉफ्टवेअरच्या विक्रीवर विक्रीकर मागितला, तेव्हा टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या कंपनीने हाच मुद्दा मांडला. ग्राहक पैसे देतो ते चकतीतील बौद्धिक संपदेचे, चकती हे केवळ वाहन आहे, असा हा युक्तिवाद होता. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ५ नोव्हेंबर २००४ रोजी तो अमान्य केला. जी गोष्ट विकत घेता येते, विकता येते, एका ठिकाणाहून दुसरीकडे पाठविता येते, साठवून आपल्या ताब्यात ठेवता येते ती माल होय, मग ती मुळात अमूर्त का असेना. पुस्तक काय किंवा चित्र काय, त्यांचेही मोल कागदाचे वा कापडाचे नसतेच. तरी त्यांची विक्री होते. तसेच एखाद्या माध्यमावर उतरविलेल्या तयार सॉफ्टवेअरचे आहे, असे न्यायालयाने म्हटले. एखाद्या ग्राहकासाठी मुद्दाम लिहून दिलेल्या प्रणालीबाबत मात्र अन्य प्रश्न उद्भवू शकतात, म्हणून त्यावर न्यायालयाने अखेरचे मत दिले नाही.

या निर्णयाने सीडीवरच्या सॉफ्टवेअरचा प्रश्न सुटला. इंटरनेटवरच्या सेवेचा सुटला नाही. त्याची दिशा दाखविली ती २ मार्च २००६ च्या दुसऱ्या निर्णयाने. भारत संचार निगम विरुद्ध केंद्र सरकार या खटल्यात प्रश्न होता मोबाइल सेवेचा. ग्राहकाला दूरसंचार यंत्रणा वापरण्याचा हक्क मिळतो, म्हणून हा माल वापरण्याच्या हक्काचा व्यवहार आहे, असे राज्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने सांगितले की, ध्वनी वाहून नेणाऱ्या विद्युतचुंबकीय लहरी हा माल नव्हे. माल वापरण्याचा हक्क दिला असे म्हणण्यासाठी तो माल ओळखता आला पाहिजे आणि ग्राहकाच्या स्वाधीन करता आला पाहिजे. शिवाय त्या काळापुरता तो हक्क देणाऱ्याकडे उरता कामा नये आणि तोच हक्क त्याला दुसऱ्या कोणाला देता येता कामा नये, अशा कसोट्याही या निकालात आल्या.

या कसोट्यांवर नाशिकच्या तरुणाचा व्यवसाय तपासून पाहावा. त्याची प्रणाली त्याच्याच सर्व्हरवर राहते. दुकानदाराच्या ताब्यात काहीही जात नाही. एकाच वेळी शेकडो दुकानदार तीच प्रणाली वापरतात आणि वर्गणी संपली की दार बंद होते. येथे ना मालाची मालकी बदलली, ना वापराचा अनन्य हक्क दिला गेला. म्हणजे हा व्यवहार विक्रीपेक्षा सेवेच्या जवळ जातो. सीडी आणि संकेतस्थळ यांच्यातील हा फरक वरकरणी किरकोळ वाटतो, पण करकायद्याच्या दृष्टीने तोच निर्णायक होता.

दोन करांच्या कात्रीत

तत्त्व असे असले, तरी व्यवहारात गोंधळ वाढतच गेला. केंद्राने १६ मे २००८ पासून माहिती तंत्रज्ञान सॉफ्टवेअरच्या सेवांवर सेवाकर आणला. महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ पासून मूल्यवर्धित कर म्हणजे व्हॅट लागू झाला होता. सॉफ्टवेअरवरील त्याचा दर आधी ४ टक्के आणि २०१० पासून ५ टक्के होता. इंटरनेटवरून उतरवून घेतलेली प्रणाली, दरवर्षी नूतनीकरण करावयाचा परवाना, अद्ययावत करण्याची सोय या सर्वांवर राज्यानेही हक्क सांगितला आणि केंद्रानेही. सेवाकर आणि व्हॅट हे परस्परांना वगळून चालतात, एकाच मोबदल्यावर दोन्ही लागू शकत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये इमॅजिक क्रिएटिव्ह या जाहिरात संस्थेच्या प्रकरणात सांगितले होते. मद्रास उच्च न्यायालयाने २०१० मध्ये म्हटले की, सॉफ्टवेअर हा माल असला तरी प्रत्येक व्यवहार विक्रीच असेल असे नाही. करारातील अटी पाहूनच ते ठरवावे लागेल. हे मत तर्काला धरून होते; पण लहान व्यापाऱ्याने प्रत्येक करार घेऊन न्यायालयात जावे, ही अपेक्षा व्यवहार्य नव्हती. परिणामी अनेक विक्रेते एकाच बिलावर दोन्ही कर लावून मोकळे होत. नंतर वसुली निघण्यापेक्षा आज ग्राहकाकडून घेतलेले बरे, हा त्यामागचा हिशेब होता. दुहेरी कर भरणारा मात्र शेवटी ग्राहकच होता.

या गोंधळाचे एक टोक पुण्यात आहे. विषाणूरोधक संगणकप्रणाली तयार करणाऱ्या क्विक हील या पुण्यातील कंपनीने सीडीसोबत परवान्याची किल्ली देऊन विकलेल्या प्रणालीवर व्हॅट भरला होता. सेवाकर विभागाने मार्च २०११ ते मार्च २०१४ या काळासाठी तिच्याकडून सुमारे ५६ कोटी रुपयांच्या सेवाकराची मागणी केली. प्रणाली वेळोवेळी अद्ययावत करून दिली जाते, म्हणून ही सेवा आहे, असे विभागाचे म्हणणे होते. ५ ऑगस्ट २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. सीडीच्या विक्रीची एकरकमी किंमत घेऊन तिच्यावर विक्रीकर भरलेला असताना त्याच संपूर्ण रकमेवर पुन्हा सेवाकर घेता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. हा निकाल लागला तेव्हा व्हॅटची जागा जीएसटीने घेऊन आणि सेवाकर रद्द होऊन पाच वर्षे लोटली होती. मोठी कंपनी इतकी वर्षे लढू शकते. पाच-दहा माणसांच्या व्यवसायाला ते परवडत नाही.

भिंत पडली, खुणा राहिल्या

१०१ व्या घटनादुरुस्तीने ही भिंत पाडली. वस्तू आणि सेवा या दोहोंवर कर घेण्याचा अधिकार केंद्र व राज्ये या दोघांनाही मिळाला आणि सेवेची व्याख्या घटनेतच देण्यात आली : वस्तूखेरीज जे काही आहे ते सर्व सेवा. या व्याख्येची व्याप्ती ध्यानात घेण्यासारखी आहे. पूर्वी ‘हा माल नव्हे’ असे सिद्ध झाले की राज्याच्या करातून सुटका होत असे. आता माल नाही म्हटले की ती गोष्ट आपोआप सेवा ठरते. मधली मोकळी जागाच उरली नाही. सॉफ्टवेअरचा विकास, रचना, त्यात ग्राहकाच्या गरजेनुसार बदल करून देणे ही सेवा होय, असे केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत नमूद आहे. इंटरनेटवरून दिल्या जाणाऱ्या बहुतेक व्यावसायिक सेवांना १८ टक्के हा दर आहे. व्हॅट मात्र पेट्रोल, डिझेल आणि मद्य अशा मोजक्या मालापुरता शिल्लक राहिला.

मग ‘माल की सेवा’ हा प्रश्न पूर्णपणे इतिहासजमा झाला काय? तसे नाही. कर लागतो की नाही हे तो आता ठरवीत नाही. पण किती लागतो आणि केव्हापासून लागतो, हे काही ठिकाणी तो ठरवितो. छापील पुस्तकावर कर नाही. त्याच पुस्तकाच्या ई-आवृत्तीवर २०१८ पासून ५ टक्के कर आला. वृत्तपत्राच्या छापील पानावरील जाहिरातीच्या जागेला ५ टक्के, तर तीच जाहिरात संकेतस्थळावर झळकली तर १८ टक्के. महाराष्ट्रात केवळ वस्तूंचा पुरवठा करणाऱ्याला सर्वसाधारणपणे ४० लाख रुपयांच्या वार्षिक उलाढालीपर्यंत नोंदणीची आवश्यकता नाही. सेवा देणाऱ्यासाठी ही मर्यादा २० लाख रुपये आहे. सीडी विकणारा तरुण आणि वर्गणी घेणारा तरुण यांच्यात आजही एवढा फरक आहे.

न घेतलेला कर कोण भरतो?

येथेच गैरसमज महागात पडतो. नाशिकच्या तरुणाकडे दरमहा हजार रुपये देणारे दोनशे दुकानदार असतील, तर वर्षाची उलाढाल २४ लाख रुपये होते. म्हणजे २० लाखांची मर्यादा त्याने ओलांडली. नोंदणी केली असती, तर त्याने प्रत्येक बिलावर १८० रुपये कर वेगळा लावला असता. ‘मी माल विकत नाही’ या समजुतीने त्याने तो लावला नाही, असे समजू. त्या पुढील वर्षी त्याची संपूर्ण २४ लाखांची उलाढाल करपात्र ठरते. ग्राहकाकडून घेतलेली रक्कम करासहित आहे असे मानले, तरी तीतून सुमारे ३ लाख ६६ हजार रुपये कराचे निघतात. त्यावर वार्षिक १८ टक्के दराने व्याज आणि वर दंड. दोनशे दुकानदारांकडे जाऊन मागील वर्षाचा कर मागणे अशक्यप्राय असल्याने हा सारा भार त्याच्याच खिशावर पडतो. न घेतलेला कर हा व्यावसायिकाच्या नफ्यातून जातो, हे प्रत्येकाने लक्षात ठेवावे.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. नोंदणी झाली की सर्व्हरचे भाडे, संगणकाची खरेदी, जाहिरातीचा खर्च यांवर भरलेल्या कराची वजावट मिळते. ग्राहक नियमित कर भरणारा व्यापारी असेल, तर १८० रुपयांची वजावट त्यालाही मिळते. म्हणजे त्याच्यासाठी कर हा खर्च राहत नाही. परंतु ग्राहक नोंदणी नसलेला किंवा आपसमेळ योजनेतील म्हणजे कॉम्पोझिशनमधील लहान दुकानदार असेल, तर त्याला वजावट नाही. त्याच्या दृष्टीने सेवा खरोखरच १८ टक्क्यांनी महाग होते. वर्गणीचा आकडा ठरविताना आपला ग्राहक या दोहोंपैकी कोणत्या वर्गातील आहे, याचा विचार विक्रेत्याने आधीच करणे शहाणपणाचे.

सेवा देणाऱ्या लहान व्यावसायिकांसाठीही ५० लाखांच्या उलाढालीपर्यंत ६ टक्के कराची सवलत योजना आहे. पण राज्याबाहेर पुरवठा करणाऱ्याला ती घेता येत नाही. इंटरनेटवरचा ग्राहक राज्याची सीमा पाहून येत नसल्याने ऑनलाइन व्यवसायाला तिचा उपयोग बेताचाच होतो.

‘काय’ नव्हे, ‘कोठे’

जुन्या विक्रीकराचा मुख्य प्रश्न होता : काय विकले? ऑनलाइन सेवेवरील आजच्या कराचा मुख्य प्रश्न आहे : ग्राहक कोठे आहे? नाशिकच्या विक्रेत्याचा ग्राहक सोलापूरचा असेल, तर १८० रुपयांपैकी ९० रुपये केंद्राचे व ९० रुपये महाराष्ट्राचे. ग्राहक मडगावचा किंवा बेळगावचा असेल, तर संपूर्ण १८० रुपये एकात्मिक कर म्हणून भरावयाचे आणि त्यातील राज्याचा वाटा गोव्याला किंवा कर्नाटकाला जाणार. एकूण रक्कम तीच. पण चुकीच्या रकान्यात भरली तर योग्य रकान्यात पुन्हा भरावी लागते आणि आधीची परत मागण्यासाठी अर्ज करावा लागतो.

नोंदणीकृत ग्राहकाबाबत त्याचा नोंदणी क्रमांक हे काम सोपे करतो. नोंदणी नसलेल्या ग्राहकाचा पत्ता विक्रेत्याच्या दप्तरी असेल, तर तो पत्ता ग्राह्य धरतात. ऑनलाइन सेवा घेणारा पत्ता देतोच असे नाही. म्हणून अशा ग्राहकाच्या बिलावर, रक्कम कितीही लहान असली तरी, त्याच्या राज्याचे नाव लिहिलेच पाहिजे, असे केंद्रीय मंडळाने ३१ डिसेंबर २०२४ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे. संकेतस्थळावर वर्गणी भरून घेताना राज्याचा रकाना ठेवणे ही म्हणूनच केवळ सोय नव्हे, ती कायद्याची गरज आहे.

एक दिलासा येथे नमूद केला पाहिजे. परराज्यात वस्तू विकणाऱ्याला सर्वसाधारणपणे पहिल्या रुपयापासून नोंदणी करावी लागते. परंतु परराज्यात सेवा देणाऱ्याला ऑक्टोबर २०१७ पासून २० लाखांपर्यंत नोंदणीतून सूट आहे. केवळ परराज्यातील ग्राहक मिळाला म्हणून घरबसल्या काम करणाऱ्याने घाबरण्याचे कारण नाही.

सीमेपलीकडचे व्यवहार

ग्राहक परदेशात असेल आणि मोबदला परकीय चलनात, किंवा रिझर्व्ह बँकेने परवानगी दिली असेल तेथे रुपयांत, मिळत असेल, तर अशी सेवा सामान्यतः निर्यात ठरते. निर्यातीवर कराचा दर शून्य आहे. दरवर्षी हमीपत्र सादर केले की कर न भरता निर्यात करता येते आणि खरेदीवर भरलेला कर परतही मागता येतो. मात्र शून्य दर म्हणजे नोंदणीची माफी नव्हे. २० लाखांची उलाढाल मोजताना निर्यातीची रक्कमही धरली जाते. पुण्यात बसून परदेशी ग्राहकांचीच कामे करणाऱ्या अनेक तरुणांच्या हे ध्यानात येत नाही.

शिवाय भारताने कर सोडला म्हणून ग्राहकाचा देशही तो सोडेल असे नाही. अमेरिकेत आजही ‘सेल्स टॅक्स’ आहे आणि तो राज्यागणिक वेगळा आहे. न्यूयॉर्क राज्य इंटरनेटवरून वापरावयाच्या तयार सॉफ्टवेअरला करपात्र मानते. टेक्सास त्यातील बऱ्याच सेवांना माहिती-प्रक्रिया सेवा समजून ८० टक्के मोबदल्यावर कर घेते. कॅलिफोर्नियात कोणतीही मूर्त वस्तू न देता केवळ इंटरनेटवरून दिलेल्या सॉफ्टवेअरवर हा कर नाही. पूर्वी राज्यात प्रत्यक्ष अस्तित्व असलेल्या विक्रेत्यालाच कर गोळा करण्याची सक्ती होती. २१ जून २०१८ रोजी साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही अट काढून टाकली. राज्यातील विक्री ठराविक रकमेवर गेली की दूरस्थ विक्रेत्यालाही कर गोळा करण्यास सांगता येते, असा तो निर्णय होता. ‘माल की सेवा’ हे जे कोडे आपण २०१७ मध्ये बरेचसे मागे टाकले, ते तेथे अजून राज्याराज्यांत सुटते आहे. युरोपीय संघातही २०१५ पासून खासगी ग्राहकाला दिलेल्या डिजिटल सेवेवर ग्राहकाच्या देशाचा व्हॅट लागतो. परदेशात ग्राहक वाढू लागले की तेथील नियमांची चौकशी करणे म्हणूनच आवश्यक ठरते.

याची दुसरी बाजू म्हणजे परदेशी कंपनीकडून आपण घेतलेली सेवा. ऑनलाइन माहिती व विदा सेवांवर सेवाकर २००१ मध्येच आला होता. पण परदेशी कंपनीने भारतातील खासगी ग्राहकाला दिलेली सेवा दीर्घकाळ करातून सुटत असे. देशी विक्रेत्याला कर आणि परदेशी विक्रेत्याला सूट, अशी ही विषमता होती. १ डिसेंबर २०१६ पासून ती दूर करण्यात आली आणि जीएसटीत ही तरतूद पुढे चालू राहिली. ऑक्टोबर २०२३ पासून तिची व्याप्ती आणखी वाढली. नोंदणी नसलेल्या भारतीय ग्राहकाला अशी सेवा देणाऱ्या परदेशी पुरवठादाराने येथे नोंदणी करून कर भरावयाचा असतो. ग्राहक नोंदणीकृत असेल, तर परदेशी पुरवठादाराऐवजी ग्राहकानेच तो कर भरावा लागतो. यालाच ‘रिव्हर्स चार्ज’ म्हणतात. हा कर रोखीने भरावा लागतो आणि मग त्याची वजावट घेता येते. परदेशी कंपनीची साठवण-जागा किंवा सॉफ्टवेअर वर्गणीने घेणाऱ्या नोंदणीकृत व्यावसायिकाने आपला नोंदणी क्रमांक त्या कंपनीकडे नोंदविला नसेल, तर त्याला सामान्य ग्राहक समजून कर आकारला जाण्याचा संभव असतो.

विचारावयाचे चार प्रश्न

एवढ्या चर्चेनंतर नाशिकच्या तरुणाला काय सांगावे? विक्रीकर लागतो का, हा प्रश्न त्याने सोडून द्यावा. त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे आणि ते त्याच्या काही कामाचे नाही. त्याऐवजी चार प्रश्न विचारावेत. राज्यातील, परराज्यातील व परदेशातील सर्व रक्कम धरून आपली वार्षिक उलाढाल २० लाखांच्या जवळ आली आहे काय? आपला ग्राहक कोणत्या राज्यात वा देशात आहे, याची नोंद आपल्याकडे आहे काय? त्याला कराची वजावट मिळते काय? आणि आपण स्वतः परदेशातून कोणती सेवा घेत आहोत? या चार प्रश्नांची उत्तरे कागदावर मांडून मग करसल्लागाराकडे जावे. एखादा करार नेहमीपेक्षा वेगळा असेल, तर तो सहीपूर्वी दाखवावा.

धान्याच्या पोत्यावर कर घेण्यासाठी जन्मलेल्या कायद्याने दिसत नसलेल्या गोष्टीला हात घालावा, यात काही गैर नाही. गावातील दुकानातून घेतलेल्या हिशेबाच्या वहीवर कर आणि तेच काम करणाऱ्या संकेतस्थळावर काहीच नाही, ही विषमता टिकणारी नव्हती. गैर होते ते, दोन सरकारांनी एकाच व्यवहाराला दोन नावे देऊन दोनदा कर मागणे. ते बऱ्याच अंशी संपले आहे. यापुढचा धोका कायद्याच्या संदिग्धतेचा कमी आणि आपल्या अनवधानाचा अधिक आहे. आणि त्यापासून वाचण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागत नाही, बिलावर योग्य राज्याचे नाव आणि योग्य कर वेळेवर लिहिला तरी पुरे.